आजोबांची बग्गी आणि भोयांचे खांदे

गेल्या काही दशकांत मराठीत एका लेखनप्रकाराला मोठा बहर आला आहे. नातवाने किंवा नातीने सांगितलेले आजोबांचे चरित्र, असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल. कधी ते दिवाळी अंकातील लेखाच्या रूपाने येते, कधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने आप्तेष्टांत वाटलेल्या पुस्तिकेच्या रूपाने, तर कधी कुलवृत्तान्ताच्या आरंभी जोडलेल्या आठवणींच्या रूपाने. ग्रंथसमीक्षक या लेखनाकडे सहसा फिरकत नाहीत. घरगुती मामला म्हणून ते बाजूला ठेवले जाते. आम्हांस ही उपेक्षा योग्य वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी नांदलेल्या कुटुंबांतील बहुतेक माणसे आयुष्यात एकच पुस्तक लिहितात, आणि ते हेच असते. शिवाय ज्यांनी तो काळ डोळ्यांनी पाहिला त्यांच्यापैकी आता जवळजवळ कोणी उरलेले नाही. या पुस्तिकांत जे नोंदले जाईल ते राहील आणि जे गाळले जाईल ते कायमचे जाईल. म्हणून या लेखनाला साहित्याची कसोटी लावणे हे त्याचा अवमान करणे नव्हे. उलट त्याला गंभीरपणे घेणे आहे.

या प्रकारातील लेखनाचा घाट आता चांगलाच ठरून गेला आहे. आरंभी घर येते : वसरी, राजांगण, तुळशीवृंदावन, माजघरातील अंधार. मग आजोबा येतात. ते करारी असतात. त्यांच्या आवाजाने घर थरारत असते, परंतु नातवंडांसाठी त्यांच्या उपरण्याच्या टोकाला खडीसाखर बांधलेली असते. त्यांच्या पंक्तीला अनोळखी वाटसरूदेखील बसे. गडीमाणसे घरच्यासारखीच होती, हे वाक्य बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावर येते. आणि मग येते ती बग्गी. आजोबा बग्गीतून तालुक्याच्या गावी जात, घोड्याच्या गळ्यातील घुंगुर दुरून ऐकू येत, ते ऐकून रस्त्यावरची माणसे अदबीने बाजूस होत. शेवटी वाटण्या होतात, मोटार येते, घर पडते आणि लेखक एक निःश्वास सोडतो.

या घाटाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही, कारण त्यात मोलाचे पुष्कळ काही असते. भाषेच्या दृष्टीने तर हे लेखन म्हणजे कणगीच होय. मुडी, इरले, पायली, कुडव, वायंगण, सरद, पोफळीचे आगर, उकड्या तांदळाचा वास, पाणंद, आडे, असे शब्द शब्दकोशात अर्थासह सापडतील, पण ते कोणाच्या तोंडी, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या कामाच्या घाईत येत, हे कोश सांगत नाही. ते ही पुस्तिका सांगते. सणावारांचा क्रम, पावसाच्या आधीची बेगमी, बाळंतिणीची खोली, वैद्याची पुडी यांचे तपशील आमच्या सामाजिक इतिहासात इतरत्र क्वचितच मिळतात. आमची तक्रार या लेखनात जे आहे त्याविषयी नाही. जे नाही त्याविषयी आहे. ती स्पष्ट करण्यासाठी आम्ही बग्गीच घेतो.

साधारण १८८० ते १९३० हा काळ आपण घोडागाडीचा काळ म्हणून ओळखतो. देशावर आणि मुंबई-पुण्याकडे ते नाव शोभते. तेथे सडका होत्या, टांगे होते, वकील-मुनसफांच्या दारात घोडे बांधलेले असत. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात न्यायमूर्तींच्या दौऱ्यांचे जे वर्णन आहे, ते त्या काळच्या सरकारी प्रवासाचे चांगले चित्र आहे. परंतु तोच काळ कोकणात कसा होता? महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 'आत्मवृत्ता'त (१९१५) एक प्रसंग सांगितला आहे. मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी सोबत्यांसह घाट चढून पायी साताऱ्याला गेला, आणि तो वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. घोडागाडीच्या काळाच्या उंबरठ्यावरचा हा प्रवास आहे. त्यात घोडाही नाही आणि गाडीही नाही. कोकणातील बहुसंख्य माणसांच्या वाट्याला आलेले वाहन म्हणजे त्यांचे स्वतःचे पाय.

आमच्या गोमंतकातील नव्या काबिजादीत तर हे अधिकच खरे होते. आम्ही सर्वणचे. डिचोलीस लागून असलेला हा गाव आज कारापूर-सर्वण पंचायतीत मोडतो. डिचोली आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले, पण मराठी भाषा, देवस्थाने, हिशेबाची मोडी आणि घाटमाथ्याशी असलेले संबंध पुढेही टिकून राहिले. या मुलखाची ठेवण पाहावी. खाली भातशेतीचे बांध, मधून ओहोळ, वर जांभ्या दगडाचे सडे, आणि वर्षातून चार महिने कोसळणारा पाऊस. एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात मुरगावची आगगाडी सुरू झाली, तीही आमच्यापासून दूर, दक्षिणेकडून घाट चढून गेली. आमच्याकडे माल बैलगाडीने किंवा बैलांच्या पाठीवरून रामघाट, चोर्ले घाट उतरून येई. वाळवंटीतून आणि मांडवीतून तो होड्यांनी पणजीकडे जाई. माणसे डिचोलीच्या बाजाराला पायी जात. मोजक्या संपन्न घराण्यांची गोष्ट वेगळी, परंतु सर्वसाधारण भाटकाराच्या दारात घोडा असण्याचे कारण नव्हते. ज्या पाणंदीतून पावसाळ्यात दोन माणसांना शेजारी-शेजारी चालता येत नाही, तेथून बग्गी कशी जाणार?

मग आमच्या भागातील आजोबांच्या चरित्रांत बग्गी येते कोठून? आम्हांस वाटते, ती पुष्कळदा वाचनातून येते. देशावरच्या कादंबऱ्या आणि पुढे मराठी-हिंदी चित्रपट यांनी 'जुन्या काळच्या मोठ्या माणसा'चे एक चित्र आपल्या मनात पक्के केले. त्या चित्रात बग्गी असते, म्हणून आपल्या आजोबांच्याही वाट्याला ती येते. हे असत्यकथन आहे, असे आम्ही म्हणत नाही. प्रेमाने केलेले ते अलंकरण आहे. परंतु या अलंकारामुळे एक गोष्ट झाकली जाते, आणि ती लहान नाही.

आमच्या मुलखात प्रतिष्ठित माणसाचे खरे वाहन होते मेणा, डोली आणि माचील. माचील म्हणजे आडव्या दांड्याला टांगलेले, झोपाळ्यासारखे बसण्याचे साधन. तो दांडा भोयांच्या खांद्यांवर असे. लग्नाची वरात, आजारी माणूस, देवदर्शनाला निघालेली वृद्धा, कोर्टकामाला निघालेला भाटकार, हे सर्व माणसांच्या खांद्यांवरून जात. चढण आली की भोई खांदा बदलीत, ओहोळ आला की कमरेइतक्या पाण्यातून जात. वर बसलेल्याचे धोतर भिजू नये ही त्यांची जबाबदारी असे. बग्गीच्या आठवणीत घोडा येतो, आणि घोड्याचे नाव न लिहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. माचिलीच्या आठवणीत माणसे येतात. त्यांची नावे लिहिली नाहीत तर विचारावेसे वाटते, का लिहिली नाहीत? माचिलीच्या जागी बग्गी येते तेव्हा केवळ वाहन बदलत नाही, तर हा प्रश्नच नाहीसा होतो.

शिगम्यातील घोडेमोडणी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. डिचोली, पेडणे आणि सत्तरी या भागांची ती खास कला. नर्तक कमरेला सजवलेला लाकडी घोडा बांधतो, हातात तलवार घेतो आणि ढोल-ताशांच्या ठेक्यावर मागे-पुढे नाचतो. पाहणाऱ्याला घोडेस्वार दिसतो, पण जमिनीवर जी पावले पडतात ती माणसाची असतात. खेळे ते लपवीत नाहीत. प्रेक्षकही ते जाणून पाहतात आणि तरीही त्या वीरश्रीत रंगून जातात. गोव्याच्या बंदरातून एके काळी अरबी घोडे विजयनगरकडे आणि बहमनी राज्याकडे जात. आमच्या सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र घोडा आला तो असा कमरेला बांधलेला. आजोबांच्या चरित्रांनी घोडेमोडणीचा हा प्रामाणिकपणा घ्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. घोडा जरूर सजवावा, पण खालचे पाय कापडाने झाकू नयेत.

ही अपेक्षा अवाजवी नाही, हे दाखवण्यासाठी गोमंतकातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथे झाला. त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. बौद्ध धर्माचा शोध घेत नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करणाऱ्या पंडिताचे आत्मकथन म्हणून ते वाचले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याची आरंभीची पाने म्हणजे घोडागाडीच्या काळातील गोमंतकीय खेड्याचे आमच्या माहितीतील सर्वांत निर्लेप चित्र आहे. नारळाची बागायत, ती सांभाळण्याची काळजी, अल्पवयातील विवाह, शिक्षणाची आबाळ, घरातून निघून जाण्याचे आणि परत येण्याचे प्रयत्न, हे सर्व तेथे आहे. मात्र माडांच्या झावळ्यांतून येणारे चांदणे नाही. घर ही त्यांच्यासाठी स्मरणरंजनाची जागा नाही. जेथे जीव घुसमटत होता अशी ती जागा आहे, आणि तसे ते लिहितात. १८९९ च्या अखेरीस ज्ञानाच्या ओढीने त्यांनी गाव सोडला, तेव्हा मागे तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी होती. थोर पुरुषाच्या चरित्रात ही गोष्ट 'त्याग' या एका शब्दात उरकता आली असती. कोसंबींनी स्वतःविषयी लिहिताना तो सोपा मार्ग घेतला नाही.

आम्हांस या घराण्याची पुढील वाटचालही तितकीच बोधप्रद वाटते. पुत्र दामोदर कोसंबी यांनी १९४७ साली गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर एक प्रबंध लिहिला. तो पुढे त्यांच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या संग्रहात आला. एका बाजूस सह्याद्रिखंडातील कथा आणि दुसऱ्या बाजूस गावकरीच्या जमिनीचा प्रत्यक्ष व्यवहार, असा त्याचा रोख आहे. आपल्या पूर्वजांच्या आगमनाची पुराणकथा ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन कोणी भरावाने घडवली आणि तिचे उत्पन्न कोणाकडे गेले, हे त्यांनी विचारले. नात मीरा कोसंबी (१९३९–२०१५) यांनी आजोबांचे 'निवेदन' इंग्रजीत नेले आणि त्यांचे निवडक लेखन संपादित केले. हे काम २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. नातीने आजोबांवर लिहिण्याचा हाही एक मार्ग आहे. स्वतःच्या जिव्हाळ्याने आजोबांना झाकून न टाकता त्यांचेच शब्द, कालक्रम आणि संदर्भ यांसह वाचकापुढे ठेवणे, हा तो मार्ग. तीन पिढ्यांत एकाने अनुभव सांगितला, एकाने त्याखालची जमीन तपासली, एकीने दोन्ही जपून पुढे दिले. प्रत्येक घरात असे विद्वान असणार नाहीत, हे उघड आहे. परंतु सांगणे, तपासणे आणि जपणे ही तीन कामे वेगवेगळी आहेत, एवढे तरी यातून शिकता येते.

आता आजीकडे वळू. आजोबांच्या चरित्रात आजी बहुधा एका परिच्छेदात येते. ती सोशिक असते, अन्नपूर्णा असते आणि आजोबांच्या आधी अहेवपणी गेलेली असते. आजोबांच्या पंक्तीला पंधरा-वीस पाने उठत, हे अभिमानाने सांगितले जाते. पण त्या पंक्तीच्या मागे काय होते? भात उकडायचे, अंगणात वाळवायचे, पाऊस येताच उचलायचे, कांडायचे, पाखडायचे, मग चुलीपुढे बसायचे, आणि शेवटी उरेल ते जेवायचे. अतिथ्यशील आजोबांचे अतिथ्य हे प्रामुख्याने दुसऱ्या कोणाचे तरी श्रम होते. हे नोंदल्याने आजोबा लहान होत नाहीत, आजी मात्र दिसू लागते.

स्त्रियांनी स्वतः लिहिले तेव्हा चित्र कसे पालटले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. तिच्यात वडिलांचे सोवळ्याचे वेड आहे आणि नारायण वामन टिळकांचा तापट, लहरी व उधळा स्वभावही आहे. लक्ष्मीबाई काही लपवीत नाहीत, पण कोणाचा सूडही घेत नाहीत. त्या हसत सांगतात, म्हणून वाचक रागावूही शकतो आणि प्रेमही करू शकतो. त्यांच्या या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती नातू अशोक देवदत्त टिळक यांनी सिद्ध केली, हाही योगायोग लक्षात घ्यावा. बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) हे तर महर्षींच्या 'आत्मवृत्ता'शेजारी ठेवून वाचावे. एकाच संसाराच्या त्या दोन बाजू आहेत. सार्वजनिक कार्याला वाहून घेतलेल्या पुरुषाच्या घरात रोजचा खर्च कसा चालतो, हे दुसऱ्या पुस्तकाशिवाय कळत नाही. सत्तरीतील आंबेडे येथे १९०६ साली जन्मलेले पंडित महादेवशास्त्री जोशी यांचे 'आत्मपुराण' याच कारणाने आम्हांस प्रिय आहे. आमच्याच शेजारच्या रानातील, आमच्यासारख्याच स्थलांतरित घराण्यातील ते जीवन आहे, आणि त्यात वैभवाचा आव नाही.

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे येऊ. 'कुळे आणि मुंडकार घरच्यासारखे होते', या वाक्याचा उल्लेख वर केलाच आहे. शासकीय सेवेत असताना जमिनीच्या नोंदी वाचण्याचे प्रसंग आम्हांवर पुष्कळदा आले. नोंदीची भाषा कोरडी असते. मालक, कूळ, पीक, क्षेत्र, एवढेच ती सांगते. पण एकाच जमिनीची नोंद आणि तिच्याविषयीची घरगुती आठवण शेजारी-शेजारी ठेवली, तर दोन निराळ्या गावांविषयी आपण वाचीत आहोत असे वाटते. आठवणीत मुंडकार सणाला येऊन पायरीवर बसतो, त्याला नवे वस्त्र मिळते, त्याच्या मुलीच्या लग्नाला आजोबा नारळ व तांदूळ देतात. नोंदीत, आणि त्याहून अधिक कायद्याच्या इतिहासात, निराळी गोष्ट दिसते. मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीत असे. त्याच्या बदल्यात भाटाची राखण आणि प्रसंगी बिनमोल काम त्याच्याकडून अपेक्षित असे. भाटकाराची मर्जी गेली तर छप्परही जाऊ शके. गोवामुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला, १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीच्या मालकीचा मार्ग खुला झाला. घरच्यासारख्या माणसाला घरातून काढले जाऊ नये, यासाठी कायदा का करावा लागला, हा प्रश्न आमच्या स्मरणलेखनाने स्वतःला क्वचितच विचारला आहे.

येथे कोणी म्हणेल की आजच्या फूटपट्टीने काल मोजणे अन्यायाचे आहे. त्या काळी तशीच रीत होती. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. पण ती फूटपट्टी केवळ आजची आहे काय? जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली, म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांच्या उमेदीच्या काळात. डिचोली-सत्तरीच्या रानात दीपाजी राणे १८५२ साली आणि दादा राणे १८९५ साली उठले, तेव्हा सत्ता व कर यांच्याविषयीचा असंतोष या मातीला माहीत होता. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना बरोबरीच्या हक्कांची वाट मोकळी झाली. तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना समतेचा अर्थ नीट समजला होता, कारण ती त्यांना स्वतःला हवी होती. ज्याला वरच्याकडून होणारा अन्याय कळतो, त्याला खालच्यावर होणारा कळत नव्हता असे म्हणणे, हा आजोबांच्या बुद्धीचाच अपमान आहे. त्यांतील कित्येकांना तो कळत असावा. काहींनी डोळेझाक केली असेल, काहींनी आपल्यापुरता खंड सोडलाही असेल. आजोबांचे खरे चरित्र या निवडींत आहे. बग्गी आणि खडीसाखर यांच्या वर्णनाने आपण आजोबांना मोठे करीत नाही. त्यांना निवड करण्याचा अधिकारच नाकारतो, आणि निवडीवाचून माणसाचे चरित्र होत नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ते प्रेम खरेच होते, असे लोक सांगतात. मुंडकाराच्या म्हातारीने आमच्या वडिलांना मांडीवर खेळवले, साथीच्या दिवसांत दोन्ही घरे एकमेकांच्या दारी धावली, हे खोटे कसे म्हणावे? आम्हीही ते खोटे म्हणत नाही. उलट लेखकाची खरी परीक्षा येथेच होते. एकाच दारात ममता आणि खंड एकत्र कसे नांदले? ज्या हाताने धान्य मोजून घेतले त्याच हाताने आजाऱ्याला औषध कसे दिले? श्री. ना. पेंडसे यांनी 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीत एका खोत घराण्याच्या पिढ्या रंगवताना हा गुंता सोपा केला नाही. म्हणून ते खोत वाचकाला आवडतातही आणि त्यांची भीतीही वाटते. घरगुती चरित्रकाराने कादंबरीकार व्हावे असे नव्हे, परंतु वाचकाला दोन्ही गोष्टी द्याव्यात. केवळ ममता लिहिली तर ती जाहिरात होते, केवळ खंड लिहिला तर तो आरोपपत्र होतो.

तिसरे म्हणणे व्यवहाराचे आहे. त्या भोयांची, पाडेल्यांची, कुळांची नावे आता मिळणार कोठून? आमचे उत्तर असे की शोधली तर पुष्कळ मिळतील. घरातील जुनी मोडी बाडे रद्दीत जाण्यापूर्वी वाचून घ्यावीत. खंडाच्या वह्यांत नावे असतात. देवस्थानच्या जमाखर्चात कोणाला कोणत्या कामाचे काय दिले याच्या नोंदी असतात. माहेरी आलेल्या वृद्ध आत्यांना विचारावे. कोणते भाट कोणाच्या नावाने ओळखले जाई, हे त्यांना आठवते. आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या घरांतील माणसांना विचारणे. ती माणसे दूर गेलेली नाहीत. काही तर त्याच वाड्यावर राहतात. त्यांचे नातू शिक्षक आहेत, कारकून आहेत, लोहखनिजाच्या ट्रकांवर चालक होते. २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा त्यांचीही घरे हादरली. आमच्या आजोबांच्या काळातील गाव त्यांच्याही घरात सांगितला जातो. तो आम्ही ऐकलेला नाही, इतकेच.

याचा अर्थ प्रत्येक पुस्तिकेने सामाजिक प्रबंध व्हावे असा नाही. आजोबांच्या खडीसाखरेला आमचा आक्षेप नाही, ती गोडच असते. लहान पुस्तिकेत थोड्या गोष्टी केल्या तरी पुरे. वाहनाचे वर्णन करताना ते कोण वाहून नेत असे ते लिहावे, आणि नाव कळले तर नावासह लिहावे. पंक्तीचे वर्णन करताना चुलीपुढे कोण होते ते लिहावे. जमिनीचा उल्लेख आला की ती कशी मिळाली, कोण कसत होते आणि पुढे कोणाकडे गेली ते सरळ लिहावे. जमीन 'कायद्यात गेली' असे म्हणून हळहळणे पुरेसे नाही. ती कोणाच्या तरी हाती आली, आणि ज्याच्या हाती आली त्याच्या घरी त्या दिवशी काय झाले असेल, याची कल्पना करावी. आजोबांनी केलेल्या एखाद्या अवघड निवडीचा प्रसंग, ती बरी असो वा वाईट, अवश्य सांगावा. त्या एका प्रसंगातून आजोबा जितके कळतात तितके दहा पाने गुणवर्णनातून कळत नाहीत.

आपल्या मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवू इच्छितो. या त्रैमासिकात आजोबांवरील लेख येतात आणि आवडीने वाचले जातात. यापुढे शक्य तेथे असे लेख जोडीने छापावेत : एक ज्या घरी खंड येई त्या घरातील नातवाचा, दुसरा ज्या घरातून तो जाई त्या घरातील नातवाचा. गाव एकच, काळ एकच, पाऊसही एकच. दोन्ही लेखांत काही तपशील जुळतील, काही जुळणार नाहीत. जे जुळणार नाहीत त्यांवर संपादकांनी मत देऊ नये, ते तसेच छापावेत. लिहिण्याची सवय नसलेल्यांचे कथन मंडळाच्या सभासदांनी ऐकून उतरवून घ्यावे आणि त्यांच्या बोलीला हात लावू नये. सर्वण, कारापूर, मये, नार्वे, साळ यांपैकी एखाद्या गावापासून हे काम सुरू करता येईल. ऐकून घेण्यासारखी माणसे अजून आहेत, पण फार थोडी आहेत, आणि म्हणून येत्या अंकापासूनच आरंभ व्हावा असे आम्हांस वाटते.